प्रतापभाऊंनी भरलेला कोपरा

केळव्यात पानवेलीच्या वाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. समुद्राकडच्या लोकांनी वाड्यांमध्ये पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, सुपारीच्या झाडांना झोपाळे टांगले, आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांना उकडहंडी खाऊ घालून त्यांचं बरं चाललं आहे. प्रतापभाऊंचा त्यांच्यावर राग नव्हता. त्यांना फक्त ते जमण्यासारखं नव्हतं. "पावणे शनवारी येतात नि दुसऱ्या दिवशी जातात," ते म्हणत, "वेल तशी नाय. ती रोजची हाय." एवढं बोलून ते वाडीत निघून जात, म्हणजे पुढचा प्रश्न विचारायला समोर कोणी उरत नसे.

सत्तरी गाठलेला, उंच, मानेपाशी किंचित वाकलेला असा हा माणूस. पान खुडायची लोखंडी नखी घालून घालून उजव्या अंगठ्याचा आकारच बदललेला. गावात त्यांचं नाव होतं ते मात्र खुडण्यासाठी नव्हे, करंडी भरण्यासाठी. खुडणारे पुष्कळ मिळतात, भरणारे थोडे. बांबूच्या करंडीत आधी केळीचं पान अंथरायचं, मग विड्याची पानं देठ आत आणि शेंडा बाहेर अशी गोलात मांडायची, त्या गोलावर दुसरा गोल, त्यावर तिसरा, असं तोंडापर्यंत. ही करंडी थेट उत्तरेकडे जाते आणि वाटेत उघडत नाही. आत कुठे बोटभर पोकळी राहिली की पानं हलतात, हलली की घासतात, घासली की काळी पडतात, आणि एकाचं काळं दुसऱ्याला लागत जातं. प्रतापभाऊंच्या वडिलांनी त्यांना पाठीत धपाटे घालून एकच गोष्ट शिकवली होती, की राहिलेली जागा भरल्याशिवाय करंडीवरून उठायचं नाही.

ते शिकवणं अंगात इतकं मुरलं होतं की घरात अर्धी बरणी त्यांना सहन होत नसे. लोणचं खाली गेलं की ते लहान बरणीत जायचं, तांदूळ कमी झाले की डबा बदलायचा. फडताळात दोन भांड्यांमध्ये जागा दिसली तर जाता-येता तिथे एक वाटी सरकवून ठेवत. त्यांची बायको जयवंती, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ, ती म्हणायची, "बरं झालं हे बोलत नायत. नायतर माझ्या दोन शब्दांच्या मधी पण कायतरी कोंबलं असतं." प्रतापभाऊ हसायचे आणि वाटी सरकवायचे.

त्यांना एकच मूल, चारुता. तिला लहानपणापासून चित्रांचा नाद. बारावी झाल्यावर ती म्हणाली, मला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. मुलीला शिकवायचंच तर डी.एड. करू दे, पालघरला नोकरी लागेल, वगैरे. प्रतापभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पोरीला मुंबईला नेऊन सोडलं. तिला काय शिकायचं आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण तिला ते हवं आहे हे कळलं होतं. तेवढं त्यांना पुरलं.

पुढे ती चित्रकार झाली, आणि इथून बापलेकीची अडचण सुरू झाली. तिच्या चित्रांत माणसं नसायची, झाडं नसायची, होड्या नसायच्या. नुसते रंग. पहिल्यांदा तिने एक चित्र घरी आणलं तेव्हा प्रतापभाऊंनी ते भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिलं होतं.

"हे कशाचं हाय?"

"कशाचं नाही बाबा. रंगांचंच आहे."

प्रतापभाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं. झालं की सांग."

चारुता पोट धरून हसली होती. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या घरातली कायमची थट्टा होऊन बसलं. फोनवर प्रतापभाऊ विचारायचे, "झालं का चित्र?" आणि ती म्हणायची, "होतंय बाबा." तिची प्रदर्शनं लागायची, ती बोलवायची, दर वेळी. आणि दर वेळी नेमकी पानं खुडायला आलेली असायची. "पान थांबत नाय गो," ते म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायची. त्या गुळगुळीत फरशीवर, त्या शिकलेल्या माणसांत, लेकीच्या चित्रासमोर उभं राहून काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्यामुळे तिला खाली पाहावं लागेल, असं त्यांना वाटे. म्हणून ते एकदाही गेले नाहीत. जयवंती दोनदा जाऊन आली आणि दोन्ही वेळा येऊन म्हणाली, थंडगार हाय तिथं, नि चहा बरा देतात. जास्त काही तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

मग चारुता आजारी पडली. ऐन उमेदीत, चाळिशीच्या आत. मुंबईच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं आणि शेवटी सांगितलं की आता घरी न्या, तिला हवं तसं राहू द्या. ती केळव्याला आली आणि आल्या आल्या तिने पानांची खोली मागितली.

पानांची खोली म्हणजे घरामागची कौलारू खोली, जिथे खुडलेली पानं निवडून भरतात. तिथली जमीन कायम ओली आणि गार, उजेड मऊ. वाडीत खुडायला येणाऱ्या सोमीने सगळ्या करंड्या बाहेरच्या पडवीत आणून मांडल्या. चारुताने जमिनीवर एक मोठं थोरलं सुती कापड पसरलं, त्याला कसलाही लेप न देता, कोरंच. ते पाण्याने भिजवायचं आणि त्यावर पातळ रंग सोडायचा, म्हणजे तो कापडात मुरत पसरतो. जयवंतीच्या स्वयंपाकघरातल्या झाडून साऱ्या वाट्या रंगांना गेल्या. सगळे हिरवे. काळपट हिरवा, कोवळा हिरवा, पिकत आलेल्या पानाचा पिवळा हिरवा.

त्या काही महिन्यांत बापलेकीचं जेवढं जमलं तेवढं आधी कधी जमलं नव्हतं, हे प्रतापभाऊंना तेव्हाही कळत होतं. ती आत खोलीत कापडावर वाकलेली, हे दाराबाहेर पडवीत करंडी पुढ्यात घेऊन बसलेले. बोलणं जवळजवळ नाहीच. मधून ती म्हणायची, "बाबा, एक पिकलेलं पान द्या." ते द्यायचे. ती पान कापडाशेजारी ठेवून रंग मिसळत बसायची. थकली की तिथेच ओल्या जमिनीवर चटई टाकून पडायची, आणि हे करंडी भरताना पानांचा आवाज होऊ नये म्हणून हात सावकाश चालवायचे.

चित्र भरत गेलं. हिरव्यावर हिरवा चढत गेला. पण खालचा उजवा कोपरा तसाच राहिला, कोरा, सुपाएवढा. प्रतापभाऊंच्या डोळ्यांत तो पहिल्यापासून सलत होता. दुसरं काही असतं तर त्यांनी दहादा विचारलं असतं. इथे मात्र त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांच्या मनाने एक हिशेब धरून ठेवला होता, जो ते कुणाला सांगू शकले नसते, की तो कोपरा जोवर राहिला आहे तोवर पोर आहे. काम अर्धं टाकून कोणी उठत नाही. मग आपण होऊन विचारायचं कशाला, घाई कशाला करायची? रोजची "झालं का?" ही थट्टासुद्धा त्यांनी बंद केली.

माघात चारुता गेली. कोपरा कोराच होता.

त्यानंतर प्रतापभाऊ वाडीत गेले नाहीत. सोमी आणि जयवंती पानं खुडायच्या, भरणारा शेजारून बोलवावा लागायचा. ते ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. जयवंतीने त्यांच्यापुढे काय काय करून ठेवलं, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, सांदण. सगळं सोमीच्या घरी गेलं. तिने एकदा डॉक्टरलाही आणलं. डॉक्टरने तपासलं आणि बाहेर येऊन जयवंतीला सांगितलं की आजार काही नाही, पण असंच चाललं तर माणूस हातचा जाईल.

आणि मग जेठात एका सकाळी प्रतापभाऊ उठले आणि पानांच्या खोलीत गेले.

वाट्यांत रंग वाळून गेले होते. त्यांनी त्यांत पाणी घातलं, बोटाने कालवले. तिचा एक बारीक ब्रश घेतला, उघड्या खिडकीकडे तोंड करून बसले आणि कोपरा भरायला लागले. पोरीसारखं रंग सोडणं त्यांना येणार नव्हतं. ते पान मांडावं तसा एकेक फटकारा मांडत गेले, देठाकडून शेंड्याकडे, गोलाला लागून गोल, कुठे कापड दिसू नये असं. दिवस कलला तरी ते उठले नाहीत. संध्याकाळी बाहेर आले, हात धुतले आणि जयवंतीला म्हणाले, "झालं पोरीचं. पुरं करून टाकलं. जेवायला काय हाय?"

जयवंती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. जराशाने परत आली, म्हणाली, "बरं केलंत," आणि ताट वाढायला घेतलं. प्रतापभाऊ त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी नखी घालून वाडीत गेले.

दिवाळी झाल्यावर दीपाली आली. ती चारुताची कॉलेजातली मैत्रीण, मुंबईच्या एका संग्रहालयात नव्या चित्रांचं दालन तिच्याकडे होतं. चारुताचं शेवटचं काम पाहायला म्हणून आली आणि पानांच्या खोलीत त्या कापडासमोर तोंडाला रुमाल लावून रडली. मग म्हणाली, काका, हे मला द्या. नव्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे, आणि हे चित्र आमचे लोक कायमचं ठेवून घेतील अशी व्यवस्था मी करते. कायमचं म्हणजे काय, ते प्रतापभाऊंनी दोनदा विचारून घेतलं. आपण मेल्यावर, दीपाली म्हातारी झाल्यावर, त्यानंतरही ते तिथे असेल, चारुताच्या नावाने. प्रतापभाऊंनी स्वतः कापडाची गुंडाळी करून तिच्या गाडीत ठेवली. कोपरा आपण भरला हे सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. करंडी पाठवताना शेवटचं पान कुणी लावलं हे कोण सांगत बसतं? काम पुरं होतं, पोरीच्या नावाचं होतं, एवढंच त्यांच्या लेखी होतं.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी दीपालीने दोघांसाठी गाडी पाठवली. जयवंती म्हणाली, "तुमीच जाऊन या. माझे गुडघे धरलेत." प्रतापभाऊ पांढरा सदरा घालून एकटेच निघाले. दीपालीसाठी एक लहान करंडी भरून घेतली होती. ही करंडी संग्रहालयाच्या दारातच अडली. बाहेरचा पाला, फुलं, लाकूड आत नेता येत नाही, कीड जाते, असं तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं. प्रतापभाऊंना ते एकदम पटलं. "आमीबी दुसऱ्याच्या वाडीतली वेल आत घेत नाय," ते म्हणाले आणि करंडी त्याच्या टेबलाखाली सावलीत ठेवून दिली.

दीपालीने त्यांना सगळी दालनं दाखवली. पहिल्या दालनात जुनी चित्रं होती, फेटेवाले गृहस्थ, नदीकाठ, घाटावरच्या बायका. तिथे ते मोकळेपणाने मान हलवत होते. पुढच्या दालनात माणसांचे चेहरे तुटायला लागले. एका बाईचं नाक बाजूने काढलेलं आणि दोन्ही डोळे समोरून. प्रतापभाऊ थांबले. दीपाली म्हणाली, "त्याला ती एकाच वेळी सगळीकडून पाहायची होती, काका." हे त्यांना आवडलं. माणूस लांब गेलं की आठवतं ते असंच, सगळ्या बाजूंनी एकदम, असं त्यांना वाटलं, पण ते बोलले नाहीत. पुढे चेहरे गेले, नुसते आकार आले. मग आकारही गेले, रेघा आणि रंग राहिले. चारुता या दालनांतून किती वेळा चालली असेल, आणि आपण आज, ती नसताना आलो, हे त्यांच्या मनात येत राहिलं.

मग एका भल्या मोठ्या चित्रासमोर ते उभे राहिले. पांढऱ्या कापडावर वर डावीकडे एकच काळा, रुंद फटकारा. बाकी सगळं कोरं.

"ह्यो पण अर्ध्यात गेला का?" त्यांनी हळूच विचारलं.

दीपालीला आधी कळलं नाही. मग म्हणाली, "नाही काका. हे आहेत अजून, खूप वय झालंय. हे चित्र पूर्ण आहे."

"एवढी जागा राहिली हाय की."

"राहिलेली नाही काका, ठेवलेली आहे," दीपाली म्हणाली. तिला हे समजावून सांगायची सवय असावी. "रंग लावताना जेवढा विचार करतात तेवढाच कोरी जागा सोडताना करतात. कधी जास्तच. भरलेल्याला श्वास घ्यायला जागा लागते ना. चारू तर म्हणायची, मी आधी रिकामं ठरवते, मग रंगवते."

प्रतापभाऊंनी त्या दालनातल्या दुसऱ्या चित्राकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं. मघापासून ते रंग पाहत आले होते. आता त्यांना कोऱ्या जागाच दिसायला लागल्या, इथे कड सोडलेली, तिथे मधोमध एक पट्टा. दीपाली पुढे चालली होती. "या ना काका, चारूचं दालन पुढे आहे."

चारुताची तीन चित्रं होती. बाजूची दोन लहान, दीपालीच्या घरून आणलेली, काही वर्षांपूर्वीची. एक निळं, एक मातीच्या रंगाचं. दोन्हींत खालचा उजवा कोपरा कोरा होता. प्रतापभाऊ एकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि परत पहिल्याकडे आले. तीच जागा, तसाच मोकळा भाग, इथे तळहाताएवढा, रंग तिथवर येऊन थांबलेला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा जरी ते लेकीच्या प्रदर्शनाला आले असते तरी हे त्यांना माहीत असतं.

मधोमध ते मोठं हिरवं चित्र होतं. इतकं मोठं, इतकं सुंदर दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि खाली उजवीकडे त्यांचा कोपरा, ठासून भरलेला. वरचा हिरवा पाण्यासारखा पसरला होता आणि कोपऱ्यातला बसून राहिला होता. शेजारी भिंतीवर मराठीत चार ओळी लावलेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून त्या सावकाश वाचल्या. चारुताने आयुष्यभर प्रत्येक चित्रात एक कोपरा मोकळा ठेवला, असं त्यात लिहिलं होतं. या शेवटच्या चित्रात मात्र तिने तो दाट भरून टाकला आहे. मृत्यू जवळ आल्यावर तिला मोकळी जागा सोसेनाशी झाली असावी.

"मी लिहिलंय ते," दीपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी रोज इथे येऊन उभी राहते, काका. तो कोपरा पाहिला की वाटतं, शेवटी किती घाबरली असेल हो चारू."

प्रतापभाऊ मागे सरकले आणि तिथल्या बाकावर बसले. गप्प बसणं त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं, आताही जमलं असतं. दुसऱ्या दिवशी लोक येणार होते, चित्र कायमचं इथे राहणार होतं, पोरीचं नाव राहणार होतं. भरणारा कोण हे जयवंतीला ठाऊक होतं आणि तिने ते कुणाला सांगितलं नसतं. बोललं तर चित्र जाईल हेही त्यांना कळत होतं. पण जे येतील ते सगळे त्या कोपऱ्यासमोर उभे राहून म्हणतील की ही मुलगी घाबरून मेली. आणि ती घाबरली नव्हती. शेवटच्या दिवसांत ती पानाचा पिवळा कसा पकडायचा याच काळजीत होती. घाबरले होते ते स्वतः, तिला काही विचारायलाही घाबरले होते, आणि आता आपली भीती तिच्या नावाने भिंतीवर लागली आहे.

"दीपाली," ते म्हणाले, "ती घाबरली नव्हती. तो कोपरा तिचा नाय. मी भरला."

दीपालीने वळून भिंतीवरच्या त्या चार ओळींकडे पाहिलं.

"ती गेल्यावर भरला. मला वाटलं, राहिला."

दीपाली बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग ती बोलली ते रागानेच बोलली, आणि तिचा राग खोटा नव्हता. "काका, कुणाला तरी विचारायचं होतं. मला फोन करायचा होता."

"होय," प्रतापभाऊ म्हणाले.

तिने संग्रहालयातल्या जाणत्या माणसाला बोलावलं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. तो भिंग लावून कोपऱ्याशी पुष्कळ वेळ वाकला. कापडाला लेप असता तर वरचा रंग काढता आला असता, असं तो म्हणाला. इथे कापड कोरं होतं, रंग धाग्याधाग्यात मुरला होता. काढायला गेलं तर कापडच विरेल. तो गेल्यावर दीपाली म्हणाली, तिचा आवाज आता उतरला होता, "राहू दे काका. तसंच ठेवू. खरं काय ते लिहू, दोघांची नावं लावू. लोक समजून घेतील. मी वरच्यांशी बोलते."

प्रतापभाऊंनी मान हलवली. "माझं नाव नको. नि माझं काम तिच्या नावावर नको. उतरव ते."

"मग तिचं इथे कायमचं काहीच राहणार नाही. ही दोन लहान चित्रं मी प्रदर्शनापुरती आणलीत."

"ठाऊक हाय."

चित्र उतरवलं. दोन माणसं गुंडाळी करायला लागली तेव्हा प्रतापभाऊंनी एक टोक आपल्या हातात घेतलं, आणि कापडाला चुणी पडू नये म्हणून सावकाश, त्यांच्याबरोबरीने ते गुंडाळत आणलं. दीपाली गाडीपर्यंत आली. करंडी तिला दिली तेव्हा तिने ती छातीशी धरली आणि त्यांच्या पाया पडली.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. जयवंती पडवीत पानं निवडत बसली होती. गाडीतून गुंडाळी उतरताना तिने पाहिली आणि हात थांबवले, पण उठली नाही. प्रतापभाऊंनी गुंडाळी पानांच्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिच्यासमोर येऊन बसले. जे झालं ते त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना इतकं सलग बोलताना जयवंतीने कधी ऐकलं नव्हतं.

"तिला तो कोपरा मोकळाच ठेवायचा होता," ते शेवटी म्हणाले.

"ठाऊक हाय मला," जयवंती म्हणाली.

प्रतापभाऊंनी वर पाहिलं.

"मी दोनदा गेलते ना तिच्या प्रदर्शनाला. तवाच बघितलं. नि इथं हे चित्र करत होती तवा विचारलं पण, की का गो मोकळा ठेवतेस? तर म्हणाली, ते मी बाबांना सांगेन. त्यांना पोकळी खपत नाय, एक दिवस ते विचारतीलच, तवा सांगेन." जयवंतीने हातातलं पान ताटात ठेवलं. "रोज तुमची वाट बघायची ती. तुमी विचारलं नाय."

वाडीत सोमी कुणाला तरी हाक मारत होती.

"मग मी भरत होतो तवा का नाय थांबवलंस?"

"थांबवणार होते. दारापर्यंत आले होते मी, तोंड उघडलं होतं. तुमी पाठमोरे होतात. इतक्या महिन्यांनी तुमचे हात चालत होते." तिने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "डाक्टर म्हणाला होता, माणूस हातचा जाईल. पोरीचं चित्र ठेवायचं, का तुमाला ठेवायचं, ते मला तिथं दारात उभ्या उभ्या ठरवायचं होतं. मी तुमाला ठेवलं."